कोथरूड वाढताना: टेकडी, मैदान आणि हरकतींचे अर्ज

पायथ्याची

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की कोथरूडला इतिहास नाही, नुसत्या इमारती आहेत. त्याला उत्तर लिहायला बसले, ते फारच लांबलं. म्हणून वेगळा धागा काढते.

आम्ही कोथरूडला आलो ते १९७९च्या उन्हाळ्यात. वडील किर्लोस्कर कमिन्सला होते. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहायचो, आणि कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी मिळून कोथरूडला सोसायटीसाठी जागा घेतली होती. आजी म्हणाली, "रानात कुठं नेतोस रे पोरांना?" तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कर्वे पुतळ्याच्या पुढं रस्त्यावरचे दिवे विरळ होत जायचे. दोन सोसायट्यांच्या मध्ये ज्वारी उभी असायची. मृत्युंजयेश्वराच्या देवळापासून आमच्या घरापर्यंत चालत यायचं तर संध्याकाळी बॅटरी बरोबर लागायची. पीएमटीची बस चुकली की पुढची कधी येईल ते कंडक्टरलाही सांगता यायचं नाही.

पुणं पश्चिमेकडं का सरकलं याची कारणं आता फारशी कुणी आठवत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली घरं वाहून गेली आणि वाड्यात राहणाऱ्या माणसाच्या मनात पहिल्यांदा शहराबाहेर राहण्याचा विचार शिरला. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर त्यातून वसले. कोथरूड भरलं ते जरा नंतर, कारखाने, बँका आणि सरकारी नोकऱ्यांमधल्या लोकांच्या सहकारी सोसायट्यांमुळं. कर्ज काढून बांधलेले बैठे बंगले, पुढं पारिजातक, मागं धुण्याचा दगड, गच्चीत वाळवणं. त्या काळी कोथरूड म्हणजे स्वस्त जागा, आजच्या मुलांना हे सांगूनही पटत नाही.

आणि वास! पौड रस्त्याला शहराचा कचरा डेपो होता. पश्चिमेचा वारा सुटला की जेवायला बसल्यावर खिडक्या लावून घ्यायच्या. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं. आमच्या शाळेतल्या मुली "कोथरूडच्या का तुम्ही?" असं विचारायच्या, त्यात तो वास असायचा. डेपो हलवा म्हणून किती निवेदनं गेली असतील! शेवटी डेपो बंद झाला. आज त्या जागेवर मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात, वनाझ ते गरवारे मेट्रो ६ मार्च २०२२ला सुरू झाली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात जाऊन आले. खिडकीतून ती जागा बघताना पोटात काहीतरी हललं.

आता ज्यासाठी धागा काढला ते सांगते.

आमच्या सोसायटीच्या मागं एकरभराचा मोकळा तुकडा होता. १९८७च्या विकास आराखड्यात, म्हणजे शहरात कुठं काय होणार ते ठरवणाऱ्या नकाशात, त्यावर क्रीडांगणाचं आरक्षण. आम्हाला तेव्हा आराखडा हा शब्दही माहीत नव्हता. मुलं खेळायची, दसऱ्याला रावण व्हायचा, उन्हाळ्यात गाद्या-गिरद्या उन्हात टाकायला बायका तिथंच जायच्या. नव्वदीच्या मध्यावर एक दिवस तिथं तारेचं कुंपण आलं. चौकशी केली तर कुणी काही सांगेना. आमच्या गल्लीत भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांनी घरातली जुनी वर्तमानपत्रं काढायला लावली आणि रद्दीच्या गठ्ठ्यातून ती जाहिरात शोधली. बोटाएवढी, बारीक टाइपात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, कलम ३७ अन्वये फेरबदल. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, 'क्रीडांगण' वगळून 'निवासी'. हरकती एक महिन्याच्या आत.

आजोबांनी आम्हाला नकाशा वाचायला शिकवला. जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून. पिवळं म्हणजे निवासी, हिरवं म्हणजे मोकळं. "हिरव्याचं पिवळं होतंय हे. कुंपण तोडून काही होणार नाही, कागदावर थांबवलं पाहिजे," असं ते म्हणाले तेव्हा मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. मग जे झालं ते मी विसरणार नाही. आमच्या बाईंनी, म्हणजे शेजारच्या मुख्याध्यापिकांनी, मजकूर तयार केला. टाइपरायटरवर कार्बन घालून प्रती काढल्या. प्रत्येक घरातून स्वतंत्र अर्ज, कारण आजोबांचं म्हणणं होतं की एका अर्जावर शंभर सह्या असल्या तरी हरकत एकच धरतात. मी तेव्हा बँकेत लागले होते. संध्याकाळी घरी आल्यावर दारोदार जायचं, माणसाला समजावून सांगायचं, सही घ्यायची, पोच घेऊन यायची. पोच फार महत्त्वाची. शिक्का, तारीख, आवक क्रमांक.

सुनावणीला समोरच्या पक्षाचे वकील होते, आमच्याकडं आजोबा. त्यांनी एकच मुद्दा मांडला: या जागेपासून लहान मूल मोठा रस्ता न ओलांडता पोहोचेल असं दुसरं मैदान नकाशावर दाखवा. नकाशावर ते नव्हतं. त्या खोलीतला पंखा करकरत होता आणि आजोबांचं बोट नकाशावर एका जागी टेकलेलं होतं, तेवढं मला स्पष्ट आठवतं. निर्णय यायला काही वर्षं गेली. अर्धं मैदान राहिलं, अर्ध्यावर इमारत झाली. आजोबा तोवर गेले होते.

कोथरूडमध्ये जे काही वाचलं ते असंच वाचलं, आणि जे गेलं ते मुख्यतः मुदत संपल्यावर कळलं म्हणून गेलं. मोर्चे मी पुष्कळ पाहिले. मोर्च्याची गरज असतेच, त्यानं माणसं जागी होतात. पण बुलडोझर आल्यावर निघालेला मोर्चा आणि प्रारूप, म्हणजे कच्च्या आराखड्यावर मुदतीत दिलेली हरकत यांच्या ताकदीत फार फरक आहे. रस्ता कुठून जाणार, शाळेची जागा शाळेलाच राहणार का, ओढा ओढाच राहणार का, हे सगळं आधी कागदावर ठरतं आणि त्या वेळी आपण कामावर गेलेलो असतो.

नंतरची गोष्ट भराभर सांगते, ती बहुतेकांना ठाऊक आहे. १९९७ला पुण्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतर करता येणारा बांधकामाचा हक्क, आला. शहराच्या मध्यभागी कुणाची जागा आरक्षणात गेली की त्या बदल्यात मिळालेला हक्क कोथरूडला येऊन उतरायचा, बंगल्याच्या जागी पाच मजले उभे राहायचे. रस्ते तेवढेच, ड्रेनेज तेवढंच. नंतर हिंजवडीचं आयटी पार्क आलं, तिकडं जाताना लागणारा चांदणी चौक तुंबू लागला. २०१३ला जुन्या हद्दीचा नवा प्रारूप आराखडा आला, त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरपर्यंत चार एफएसआय (म्हणजे जागेच्या चौपट बांधकाम) द्यायचा प्रस्ताव त्यात होता, आरक्षणं कमी केल्याची तक्रार होती. शेवटी राज्य सरकारनं २०१५ला तो स्वतःकडं घेतला, समिती नेमली आणि जानेवारी २०१७मध्ये मंजूर केला. त्या ८७ हजारांत आमच्या गल्लीचेही अर्ज होते. आजोबांचा जुना मजकूर आम्ही पुन्हा समोर ठेवला होता.

तुमच्या भागात नकाशावर काय होतं आणि प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. चांगलं झालं असेल तेही लिहा.

नळस्टॉपचा

ताई, डोळ्यांसमोर उभं केलंत. गाद्या उन्हात टाकणं वाचून आईची आठवण आली. आमच्या एरंडवण्यातही असंच मैदान होतं, आम्ही मात्र अर्धंही वाचवू शकलो नाही.

बावधनचा शेतकरी

लेख चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

तुम्ही ज्याला मोकळी जागा म्हणता ती कुणाची तरी असते. आमचं गाव १९९७ला पुण्यात गेलं, तेव्हा हद्दीत आलेल्या २३ गावांमध्ये. आजोबा डोंगराच्या उतारावर बाजरी, हुलगा करायचे. खाली सपाटीला भाऊबंदांची जमीन. नकाशा आला तेव्हा सपाटीची जमीन पिवळी झाली आणि आमची बीडीपी. जैवविविधता उद्यान. २३ गावांत मिळून ९७८ हेक्टर. एकाच पणजोबाची पोरं आम्ही. एकाच्या दारात आज तीन गाड्या आहेत आणि आम्हाला मोबदला काय, तर ८ टक्के टीडीआर. शंभर चौरस मीटर जमीन द्यायची आणि आठ चौरस मीटरचा हक्क घ्यायचा.

टेकडी राहावी असं मलाही वाटतं. माझी गुरं तिथं चरली आहेत, पावसाळ्यात कुठला झरा कुठं फुटतो ते मला ठाऊक आहे. पण टेकडीचा फायदा सगळ्या शहराला आणि तिची किंमत फक्त आम्हाला, हा हिशेब बरोबर नाही. शहरातल्या लोकांनी टेकडीसाठी सभा घेतल्या, त्या सभेला आम्हाला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आम्ही आलो असतो. आमच्या वाडीतल्या कुणी वैतागून गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकली. तिथं आज विनापरवाना खोल्या उभ्या आहेत. त्याला जबाबदार कोण?

पायथ्याची

दादा, राग कसला? हे इथं लिहिलं जायलाच हवं होतं. ८ टक्के हा मोबदला तोकडा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. टेकडी राखायची तर तिचे पैसे सगळ्या शहरानं मोजले पाहिजेत, मिळकत करातून मोजायला लागले तरी. बीडीपीच्या बाजूनं अर्ज करणाऱ्यांत मी होते आणि आजही आरक्षणाच्या बाजूनंच आहे. पण जमीन मालकाला रडवून राखलेली टेकडी फार दिवस राहत नाही, ती गुंठ्यागुंठ्यानं जाते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

रोज चांदणी चौक

मी हिंजवडीला जातो. राहतो कोथरूडलाच, भाड्यानं. चांदणी चौकात तो जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री पाडला, १२ ऑगस्ट २०२३ला नव्या पुलांचं उद्घाटन झालं, त्या मधल्या काळात आमचे काय हाल झाले ते आम्हालाच माहीत. त्यामुळं रस्ता नको म्हणणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता जुन्या आराखड्यापासून कागदावर आहे. सुमारे दोन किलोमीटरचा, वेताळ टेकडीवरून जाणारा रस्ता. लॉ कॉलेज रस्त्यावर रोज संध्याकाळी रुग्णवाहिका अडकतात. एप्रिल २०२३मध्ये वेताळ टेकडीसाठी मोठा मोर्चा निघाला तेव्हा माझे शेजारीही गेले होते. मी गेलो नाही. धागाकर्तीच म्हणतात की जे कागदावर ठरतं ते महत्त्वाचं. मग हा रस्ताही कागदावर ठरलेलाच आहे.

रामनदीकाठी

@रोज चांदणी चौक, कागदावर ठरलेलं कायमचं नसतं. आराखडा दर वीस वर्षांनी नव्यानं करायचा असतो तो याचसाठी. तो रस्ता आखला तेव्हा लॉ कॉलेज रस्त्याजवळ मेट्रोचं स्टेशन असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

टेकडीबद्दल एक गोष्ट सांगते, मी भूशास्त्र शिकले आहे म्हणून. आपला हा सगळा काळा पाषाण, थरावर थर. वरचा थर भेगाळलेला असेल तर पावसाचं पाणी त्यातून आत जातं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि आडवं सरकत पायथ्याला झऱ्यातून, विहिरीतून, बोअरमधून बाहेर येतं. म्हणजे टेकडीवर रस्त्यासाठी कापणी केली की ती फक्त झाडांची कापणी राहत नाही. पाणी जिथून आत शिरायचं तिथं ते डांबरावरून वाहून जातं आणि अर्ध्या तासात खालच्या ओढ्यात येतं. ओढा आपण आधीच नळीत घातलेला असतो.

४ ऑक्टोबर २०१०ला आमच्या रामनदीनं ते दाखवलं. पाषाण-बाणेरच्या बाजूला नदी घरांत शिरली. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री शहराच्या दक्षिणेला आंबिल ओढ्यानं त्याहून वाईट दाखवलं. माणसं गेली. ते ओढे नकाशावर निळी रेघ म्हणून होते. जागेवर जाऊन बघितलं तर कुठं भराव, कुठं सीमाभिंत, कुठं पार्किंग. तेव्हा टेकडी वाचवणं हे सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं हौसेचं काम आहे असं कृपया समजू नका.

रोज चांदणी चौक

पाण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. तरी माझा प्रश्न उरतोच. रस्ता नको तर काय? मेट्रो माझ्या ऑफिसपर्यंत अजून जात नाही. बसची वाट बघून थकलो म्हणून दुचाकी घेतली.

पायथ्याची

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि टेकडीच्या बाजूनं बोलणाऱ्या प्रत्येकानं त्याचं उत्तर दिलं पाहिजे. माझं उत्तर बस हेच आहे. दर पाच मिनिटांनी वनाझहून थेट हिंजवडीला बस असती तर तुम्ही दुचाकी घेतली असतीत का? रस्ता मागायला जितकी माणसं जमतात तितकी बस मागायला जमत नाहीत, ही मला या चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी हानी वाटते. पीएमटी असताना आम्ही निदान थांब्यावर भांडायचो. आता ज्याला शक्य आहे तो गाडी घेतो आणि थांब्यावर फक्त कामवाल्या मावश्या आणि शाळेची मुलं उरतात.

गणेरीच्या दिवसांत एकदा वेताळ टेकडीवर या. फेब्रुवारी-मार्चात झाडाला एक पान नसतं आणि तळहाताएवढी पिवळी फुलं लागलेली असतात. खाणीच्या बाजूनं वर चढा. मग रस्त्याबद्दल तुमचं मत काहीही असो, आपण कशाबद्दल बोलतोय ते बघून घ्या.

फुरसुंगीकर

मी इथं क्वचित लिहितो. पण कचरा डेपो "बंद झाला" हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

तो बंद झाला नाही. तो आमच्याकडं आला. उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तुम्ही जेवताना खिडक्या लावायचात, आमच्या विहिरीचं पाणी बिघडलं. काळं पाणी, वर तेलासारखा तवंग. मुलींच्या सोयरिकी जमवताना लोक गावाचं नाव ऐकून मागं सरायचे. उन्हाळ्यात डेपो पेटायचा, दिवसेंदिवस धूर. आम्ही रस्त्यावर बसलो, गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात कचरा साठला आणि मग वर्तमानपत्रात आमचं नाव आलं. बातमी काय, तर ग्रामस्थांच्या आडमुठेपणामुळं शहर वेठीला.

२०१७ला ११ गावं महापालिकेत घेतली त्यात आमचीही दोन. पुढं पुन्हा बाहेर काढली, वेगळी नगर परिषद करायचं ठरलं. ज्या शहराचा कचरा इतकी वर्षं सोसला त्या शहरात आम्ही आहोत की नाही हेसुद्धा आम्हाला विचारून ठरलं नाही. ताई, तुमच्या लढाईचा मी अनादर करत नाही. तुमचे आजोबा मोठा माणूस. फक्त कोथरूडची गोष्ट सांगताना आमचं गाव त्यात आलं पाहिजे.

पायथ्याची

आलंच पाहिजे. तुमचा प्रतिसाद वाचून सकाळपासून दुसरं काही सुचलेलं नाही. आमच्या सोसायटीच्या गटावर तो जसाच्या तसा पाठवला आहे. ओला कचरा आवारातच जिरवायचा, हा नियम आमच्याकडं आहे पण नव्या बिऱ्हाडांना त्याचा कंटाळा येतो. आता नियमाच्या कागदाखाली तुमच्या गावाचं नाव लिहून तो लावायचा असं ठरवतो आहोत. चालेल ना तुम्हाला?

फुरसुंगीकर

चालेल. दोन्ही गावांची नावं लिहा.

नकाशेवाला

चर्चा छान चालली आहे. वास्तुविशारद आहे, नगररचनेत थोडंफार काम केलंय, म्हणून थोडी तांत्रिक भर.

धाग्यात कलम ३७ आलं. त्याच्याइतकंच लक्ष ठेवण्यासारखं कलम १२७. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द होतं. म्हणजे मैदान, शाळा, दवाखाना, काहीही असो, जागा मोकळी होते. यात मालकाची चूक नाही, कायद्यानं त्याला तो हक्क दिला आहे आणि दहा वर्षं जमीन अडकवून ठेवणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. बावधनच्या दादांचं दुखणं याच जातीचं. पण नागरिकांना वाटत असतं की नकाशावर हिरवं आहे म्हणजे झालं. ते ताब्यात घेतलंय का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी मिळवा आणि प्रत्येकापुढं 'ताब्यात' किंवा 'ताब्यात नाही' असं लिहून काढा. अंदाजपत्रकाच्या आधी नगरसेवकाकडं ती यादी घेऊन जा. त्याला पैसे मागायला कारण हवं असतं.

दुसरं, डिसेंबर २०२०पासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली. जुन्या तीन मजली इमारतींच्या जागी आज कोथरूडला जे मनोरे दिसतात त्याचं मोठं कारण ते. जिने चढता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण दहा घरांच्या जागी चाळीस घरं झाली तर गल्लीतल्या पाण्याच्या नळीचं काय, याचं उत्तर त्या एका इमारतीच्या परवानगीत नसतं. सगळ्या गल्लीचा विचार कुणाच्याच टेबलावर नसतो.

सुतारदऱ्यातून

जय भीम, नमस्कार. सगळे प्रतिसाद वाचले.

माझे वडील १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, तिकडच्या बंगल्यांच्या पायाचे दगड त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्यांनी फोडले. दिवसभर तिथं काम आणि रात्री झोपायला टेकडीचा उतार, कारण काम करणाऱ्याला राहायला जागा कुठल्याच आराखड्यात नव्हती. पिवळ्यातही नाही, हिरव्यातही नाही. केळेवाडी, किष्किंधानगर, जयभवानीनगर, सुतारदरा, हे सगळं असंच वसलं. आई खालच्या नळावरून हंडा घेऊन चढायची. एक पाय घसरला की पाणीही गेलं आणि माणूसही.

टेकडी वाचवण्याच्या सभेत कुणी "अतिक्रमण" म्हणालं की माझी मान खाली जायची. आता जात नाही. मी वकील झालो आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की टेकडीला धोका कुणापासून आहे हे मोजायचं असेल तर पत्र्याच्या खोल्या मोजा आणि उतारावरचे बंगलेही मोजा. आणि पौड रस्त्याकडून टेकडीच्या पोटातून बोगदे काढायचे प्रस्ताव आहेत, पंचवटीकडून सुतारदऱ्याकडं एक. बोगद्याचं तोंड कुणाच्या घराजवळ येणार हे आमच्या वस्तीत येऊन कुणी सांगितलेलं नाही.

रामनदीकाठी

दादा, आमच्या पुढच्या बैठकीला याल का? किंवा आम्हीच वस्तीत येतो. बोगद्याच्या आखणीबद्दल जेवढी कागदपत्रं आमच्याकडं आहेत ती घेऊन येते.

सुतारदऱ्यातून

तुम्हीच या. रविवारी संध्याकाळी बुद्धविहारात लोक भेटतात. नकाशा मोठा छापून आणा, मोबाइलवर म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही.

बावधनचा शेतकरी

रविवारी मी पण येतो, चालत असेल तर. झरे कुठं आहेत ते नकाशावर मी दाखवू शकतो. तुमच्या नकाशात ते नसणार.

नळस्टॉपचा

@नकाशेवाला, झाडांचंही सांगा ना. आमच्याकडं पुनर्विकासात सगळी जुनी झाडं जाताहेत.

नकाशेवाला

झाड तोडायची परवानगी मागितली की १९७५च्या झाडांच्या कायद्याप्रमाणं त्या झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. नोटीस बहुतेक वेळा खोडाच्या आतल्या बाजूला असते, रस्त्यावरून दिसत नाही. फिरायला जाताना खोडाभोवती एक फेरी मारत जा. हरकत लेखी द्या, झाडाचा घेर लिहा, फोटो जोडा.

नवीन गाव सूस

आमचं गाव ३० जून २०२१ला महापालिकेत आलेल्या आणखी २३ गावांत आहे. सगळीकडं बांधकामं चालली आहेत, टँकरशिवाय पाणी नाही, ड्रेनेज नाही. गावात आता निम्म्याहून जास्त लोक आमच्यासारखे बाहेरून फ्लॅट घेऊन आलेले. गावकरी आणि सोसायट्या एकमेकांशी बोलत नाहीत. हा धागा वाचून काहीतरी करावंसं वाटतंय पण सुरुवात कुठून करू? मला सातबाराही नीट वाचता येत नाही.

पायथ्याची

अगदी बारीक सुरुवात करा. तुमच्या इमारतीचा सर्व्हे नंबर शोधा, तो तुमच्या खरेदीखतातच आहे. त्याच्या चारही बाजूंचे सर्व्हे नंबर लिहून घ्या. मग गावातल्या एखाद्या जुन्या माणसाकडं जा, कागद घेऊन जा पण आधी त्यांचं ऐका. ओढा पूर्वी कुठून जायचा, पाणंद कुठली, गायरान किती, स्मशानाची वाट कुठली, हे त्यांना पाठ असतं. ते सगळं सर्व्हे नंबरांपुढं लिहा. हे झालं की प्रारूप आराखडा येईल तेव्हा तुमच्याकडं ताडून बघायला काहीतरी असेल. आणि गावातल्या दोघातिघांना, सोसायट्यांतल्या दोघातिघांना जाहिराती वाचायचं काम वाटून द्या. रोजची वर्तमानपत्रं, आतली पानं, बारीक टाइप.

सातबारा वाचणं मी शिकवते. मला व्यक्तिगत निरोप पाठवा आणि त्याबरोबर सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) दोन्हीचे फोटो टाका. फेरफाराचे नंबर स्पष्ट दिसले पाहिजेत.